गुडघ्याच्या नावे

खुबा हा शब्द मराठी घरात येतो तो मोडल्यावरच. तोपर्यंत सगळी कंबरच असते. पदर खोचायचा तो कमरेला, चाव्यांचा जुडगा लटकवायचा तो कमरेला, हात ठेवून भांडायचे तेही कमरेवर. २००८ साली माझी आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली, एका जागी पेनाचे टोक टेकवले आणि म्हणाले, "खुबा गेला." तेव्हा माझे वय एकोणपन्नास होते. हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता असे नाही, पण तो शरीरात नेमका कुठे राहतो ते मला त्या पेनाच्या टोकाने कळले. आई त्यानंतर चौदा महिने जगली. त्यातले उभ्याने फार थोडे.

आज लिहितो आहे ते ताई ची या चिनी व्यायामाबद्दल, आणि त्यातही या एका सांध्याबद्दल. (मी ताई चीच्या क्लासला नाव घातले तेव्हा बायकोने विचारले होते, "कोणाच्या ताईची?") एका सांध्यासाठी रविवारच्या पानावर एवढी जागा अडवावी का, असे कुणाला वाटेल. पण ताई ची हल्ली आपल्याकडेही साठी ओलांडलेल्यांना सुचवली जाते आणि ती सुचवण्याचे पहिले कारण सांगतात ते हेच, की म्हातारपणी पडू नये. हात हळूहळू हलवायचे, श्वास सांभाळायचा, गुडघे थोडे वाकवायचे, एवढेच बहुतेकांना तिच्याबद्दल ठाऊक असते. उभे राहताना खुबा कसा ठेवायचा हे नीट न शिकवता जे वर्ग चालतात, त्यांतून पडणे किती थांबते हे मला माहीत नाही. गुडघे मात्र जातात. माझा एक गेला आहे. डावा.

२०१९ साली मी बँकेतून निवृत्त झालो. पुढची दोन वर्षे सगळ्यांचीच घरात गेली. २०२१च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एका मैदानावर सकाळच्या वर्गाला जाऊ लागलो. शिकवणारे सर तिशीतले, अंगाने वेताच्या छडीसारखे. आम्ही पंधरा-सोळा जण, बहुतेक पेन्शनर. सरांची वाक्ये तीन होती. "खाली, अजून खाली." "कंबर समोर." आणि "शेपूट आत." यातले मधले वाक्य ते मोटारीची उपमा देऊन समजावत. ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची टोके हाताला लागतात, ते मोटारीचे दोन दिवे. त्यांचा झोत नाकासमोरच पडला पाहिजे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ताई चीत एक पवित्रा वारंवार येतो, चिनी भाषेत त्याला गोंगबू म्हणतात, म्हणजे धनुष्याचा पवित्रा. एक पाय पुढे, गुडघ्यात वाकवलेला, त्याचा पंजा सरळ समोर. दुसरा पाय मागे, जवळजवळ सरळ, त्याचा पंजा साधारण पंचेचाळीस अंश बाहेर वळवलेला. वजन पुढच्या पायावर सत्तर टक्के, मागच्यावर तीस. (पवित्रा हा शब्द आपल्या तालमीतला, लाठीवाल्यांचा. आता तो वर्तमानपत्रांनी पुढाऱ्यांना देऊन टाकला आहे. रोज कुणी ना कुणी आक्रमक पवित्र्यात असतो. मुळात तो पायांचा शब्द.) तर मागचा पंजा असा पंचेचाळीस अंशांत जमिनीत रोवलेला, आणि वरून हुकूम की कंबर पूर्ण समोर. मी आज्ञाधारक माणूस. सदतीस वर्षे हेड ऑफिसची सर्क्युलरे पाळली. मी कंबर ओढून समोर आणली. दहा महिन्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला सूज आली आणि जिना उतरताना कठड्याची गरज भासू लागली.

सर म्हणाले, "काका, दुखल्याशिवाय मोकळं होत नाही."

२०२३ साली मुलीकडे सिंगापूरला तीन महिने होतो. ती तोआ पायो भागात सरकारी वसाहतीत राहते. तिथल्या इमारतींचा तळमजला बहुधा मोकळाच सोडलेला असतो, नुसते खांब आणि फरशी. पहाटे अंधारातच तिथे दहा-बारा म्हातारी माणसे जमत. शिकवणारे गृहस्थ पंचाहत्तरीचे, आयुष्यभर बस चालवलेले. इंग्रजी माझ्या चिनीपेक्षा बरे, इतकेच. पहिल्या दिवशी मी माझा गोंगबू मोठ्या ऐटीत करून दाखवला. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलेच नाही. पाहिले ते पँटच्या खिशाकडे. मग जवळ येऊन त्यांनी माझा मागचा पाय वीतभर पुढे आणला, दोन पायांतले आडवे अंतर वाढवले, आणि तळहाताची कड माझ्या जांघेच्या घडीत ठेवली, जिथे मांडी संपते आणि पोट सुरू होते तिथे. "बस," ते म्हणाले. मी गुडघे वाकवले. त्यांनी मान हलवली. "ते नाही. हात चिमटला पाहिजे."

त्यांचा हात चिमटायला मला अकरा दिवस लागले.

चिनी भाषेत या जागेला क्वा म्हणतात. खुब्याचा सांधा, त्याच्या पुढची जांघेची घडी आणि आसपासचे सगळे स्नायू मिळून एक क्वा. डावा आणि उजवा असे दोन. कंबर म्हणजे याओ, ती वेगळी. मराठीत आपण दोन्हींना कंबर म्हणून मोकळे होतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. "कंबर वळवा" म्हटले की कुणी पोटातून पिळतो, कुणी छाती फिरवतो, कुणी गुडघा. ताई चीला हवे असते ते असे की वळण खुब्याच्या सांध्यात व्हावे आणि वरचे धड त्यावर बसून आपोआप वळावे, पाट्यावर ठेवलेल्या मडक्यासारखे.

शाळेच्या पुस्तकात दोन चित्रे होती ती आठवावीत. खुबा हा उखळीचा सांधा: मांडीच्या हाडाचा गोल माथा एका वाटीत बसलेला, सगळीकडे फिरणारा. गुडघा हा बिजागरीचा सांधा: दारासारखा उघडतो, मिटतो. वाकलेला असताना थोडासा फिरतो, पण तेवढेच. आता माझा गोंगबू पाहा. पंजा बाहेर रोवलेला, कंबर समोर ओढलेली. या दोहोंत जो फरक आहे तो कुठे तरी पडायलाच हवा. खुबा मोकळा असेल तर तो तिथे पडतो आणि काही बिघडत नाही. खुबा आखडलेला असेल तर फरक खाली सरकतो, आणि खाली बिजागरी आहे.

बँकेतल्या जुन्या लोकांना हे दोन ओळींत सांगता येईल. हाताने लेजर लिहिण्याच्या दिवसांत महिनाअखेरीला बेरजा जुळल्या नाहीत आणि रात्री साडेनऊपर्यंत फरक सापडला नाही, की तो सस्पेन्स खात्यात टाकून दिवे मालवायचे. ताळेबंद जुळलेला दिसतो. फरक मात्र जिवंत असतो, आणि तीन वर्षांनी इन्स्पेक्टर नेमके तेच पान उघडतो. गुडघा हे शरीराचे सस्पेन्स खाते आहे. खुब्याने न घेतलेली प्रत्येक रक्कम त्याच्या नावे पडते.

मी सरांना दोष देतो आहे असे नव्हे. ते जे सांगत होते त्यातला शब्दन् शब्द कुठल्या ना कुठल्या परंपरेत आहे. यांग घराण्यातल्या अनेकांच्या गोंगबूत कंबर समोर असते. माकडहाड मध्यावर राहावे हेही जुने सूत्र. माझे म्हणणे असे, की जे परिणाम म्हणून यायचे ते हुकूम म्हणून आले. यांग चेंगफू (१८८३ ते १९३६) यांच्या नावावर दहा मुद्द्यांची एक यादी प्रसिद्ध आहे. तिच्यातला तिसरा मुद्दा कंबर सैल सोडण्याचा आणि चौथा भरलेला पाय व रिकामा पाय वेगळे ओळखण्याचा. सैल सोडणे म्हणजे ढिले पडणे नव्हे. चिनी शब्द सोंग, आणि त्यात केस मोकळे सोडण्याची प्रतिमा आहे. या क्रमाने गेले की कंबर आपल्याला जमेल तितकी समोर येते आणि तिथे थांबते. उलट्या क्रमाने गेले की ती समोर येते खरी, पण गुडघ्याच्या खर्चाने.

याला छायाचित्रे बरीचशी जबाबदार आहेत. यांग चेंगफूंची पवित्र्यांतली छायाचित्रे जगभर गेली आणि लोक त्यांवर पट्टी ठेवून कोन मोजू लागले. छायाचित्र शेवटचा क्षण दाखवते, तिथवर कसे आलो ते दाखवत नाही. बँकांच्या ३१ मार्चच्या ठेवींबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. त्यात १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने चोवीस हालचालींचा सोपा संच तयार केला. त्यामागचा हेतू चांगलाच होता, कोट्यवधी माणसांना तो शिकता आला, मीही तोच शिकलो. पण मोठ्या मैदानावर शंभर माणसांना एकदम शिकवायचे तर दिसते तेवढेच शिकवता येते. जांघेच्या घडीत हात ठेवून दिवसेंदिवस वाट पाहता येत नाही. पुढे स्पर्धा आल्या, आणि लांब पाऊल नि खोल बैठक परीक्षकांच्या डोळ्यांत भरते. विशीतल्या खेळाडूने ते खुशाल करावे. पेन्शनरांच्या वर्गात ते कशासाठी?

आता वादाचा मुद्दा. माझा बँकेतला एक जुना सहकारी अजून त्या वर्गाला जातो. तो म्हणाला, "उद्या प्रत्येकानं माझा खुबा असाच आहे म्हणायचं ठरवलं, तर शिस्त काय राहिली?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः अधिकारी असताना 'माझी केस वेगळी आहे' म्हणणाऱ्या कर्जदारांवर फार विश्वास ठेवला नाही.

पण इथे प्रत्येकाची केस खरेच वेगळी असते, आणि हाडांत असते. मांडीच्या हाडाचा जो गोल माथा, त्याची मान थोडी पुढच्या बाजूला वळलेली असते. प्रौढ माणसात सरासरी पंधरा अंशांच्या आसपास. पण कुणाची जेमतेम पाच, कुणाची पंचवीसच्याही पुढे. वाटीचे तोंडही सगळ्यांचे एकाच दिशेला नसते. म्हणून कुणी चालताना पंजे आत टाकतो, कुणी बाहेर. व्यायामाने स्नायू बदलतील. साठाव्या वर्षी हाडाचा पीळ बदलणार नाही. शिवाय खुब्याच्या पुढून एक अस्थिबंध जातो, शरीरातला सर्वांत बळकट मानला जाणारा. पाय मागे ताणला की तो घट्ट होतो. लांब पाऊल टाकून मागचा गुडघा ताठ ठेवला की हा दोर कमरेखालचे हाडांचे कडे पुढे खेचतो, पाठीला बाक येतो, मग सर ओरडतात "शेपूट आत", आणि ती आत घेताना उरलासुरला खुबाही बंद होतो. तीन हुकूम एकमेकांशी भांडत असतात आणि ते भांडण आपल्या अंगात चाललेले असते. सिंगापूरच्या मास्तरांनी माझा पाय वीतभर पुढे का आणला ते मला असे पुष्कळ उशिरा, डॉक्टरांशी बोलल्यावर कळले. पाऊल आखूड झाले की तो दोर सैलावतो.

दुसरे असे, की खुद्द चीनमध्ये एकच एक कोन कधी नव्हता. हनान प्रांतातल्या चेन गावातून ही विद्या निघाली. तिथली पद्धत खोल बैठकीची आणि पीळदार. एकोणिसाव्या शतकात यांग लूचान ती शिकून बीजिंगला गेले आणि त्यांच्या घराण्यात धड सरळ, हालचाल सलग अशी पद्धत रुळली. वू घराण्यात तर गोंगबूत दोन्ही पंजे समांतर समोर ठेवतात आणि धड पुढे कलते. तिन्ही पद्धती टिकल्या, तिन्हींत ऐंशी-ऐंशी वर्षांची ठणठणीत माणसे झाली. २०२० साली युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत ताई चीची नोंद केली, तीही एका घराण्याची नव्हे. तेव्हा अमुक कोन म्हणजेच शिस्त, हे म्हणणे टिकत नाही.

शिस्त आहे, पण ती दुसरीकडे आहे आणि खरे तर अधिक कडक आहे. गुडघा पंजाच्या दिशेनेच जायचा, पुढचा असो की मागचा. याला अपवाद नाही. मागचा गुडघा आत कलू लागला की कंबर तेवढ्यावरच थांबवायची, मग दिवे कुठेही पडोत. पाय उचलण्यापूर्वी वजन पूर्ण दुसऱ्या क्वामध्ये उतरलेले हवे. मास्तर मध्येच "थांब" म्हणत आणि पुढचा पाय उचलायला सांगत. धड जराही न हलवता तो उचलता आला तर ठीक, नाहीतर पुन्हा. माकडहाड आत दाबायचे नाही. गवंड्याचा ओळंबा लोंबतो तसे ते लोंबू द्यायचे, उंच स्टुलाच्या कडेवर टेकताना आपण देतो तसे. आणि दोन मांड्यांच्या मध्ये वेशीच्या कमानीसारखी गोलाई ठेवायची, चिमटलेला कोन नव्हे. हे एवढे सांभाळायला सकाळचा तास अपुरा पडतो. खोली किती गाठली हा प्रश्नच त्यात येत नाही. भरलेल्या पायावर पंजा वळवावा की आधी तो रिकामा करावा, यावर मात्र जाणत्यांत दोन मते आहेत. आमच्या वयाला मी दुसरेच मत घेतो.

पडण्याबद्दलच्या अभ्यासांचा आधार या क्षेत्रातले सगळेच देतात, मीही देतो, पण त्यांतून माझा मुद्दा सिद्ध होतो असे म्हणणार नाही. १९९६ साली अमेरिकेत अटलांटात सत्तरीपुढच्या दोनशे माणसांवर झालेल्या अभ्यासात पंधरा आठवड्यांच्या ताई चीने पुनःपुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला. २०१२ साली ओरेगनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांत तोल सुधारल्याचे दिसले. आणि २०१६ साली, हे मला फार लागले, गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांत ताई चीचा उपयोग नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच झाला. म्हणजे ज्या व्यायामाने माझा गुडघा गेला त्यानेच त्यांचे बरे झाले. या अभ्यासांत कुणी खुब्याचे कोन मोजले नव्हते. पण तिथे म्हाताऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून "अजून खाली" म्हणत नसावेत, असा माझा अंदाज आहे.

मी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत माणसे येरझाऱ्या घालतात, दारात थबकतात, खुर्चीत कोसळतात. कुणाचे वजन कुठल्या पायावर आहे हे मी एकदाही लिहिलेले नाही. आता रस्त्यात माणसे पाहतो ती आधी खिशांपाशी. आपल्या पिढीचे खुबे आखडले यात नवल नाही. मांडी घालून जेवणे गेले, उकिडवे बसणे गेले, न्हाणीघरातला पाट गेला. तोआ पायोच्या वर्गातल्या एक आजी बूट बांधायला सहज उकिडव्या बसत आणि हात न टेकता उठत. वय एक्याऐंशी. माझ्या आईच्या खेपेला ती शहाऐंशी होती, आणि तिची शेवटची दहा-बारा वर्षे पलंग, खुर्ची आणि टेबल यांच्या उंचीवर गेली होती. ते आम्हीच तिच्या सोयीसाठी केले होते.

गेल्या पावसाळ्यात मी सरांना भेटून हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले की वर्गात चाळीस मिनिटे असतात आणि माणसे आता तीस झाली आहेत. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. माझा सहकारी वेदनाशामक गोळी घेऊन वर्गाला जातो. हे त्याने सरांना सांगितलेले नाही आणि मीही सांगावे अशी त्याची इच्छा नाही.

त्याची बायको मात्र माझ्याकडे येते. वहिनी अडुसष्टच्या, दोन वर्षांपूर्वी एकदा घसरून पडल्यात, हाड वाचले. आईचा वॉकर आमच्या माळ्यावर होता, तो मी खाली काढून पुसला. त्याला एका हाताने धरून त्या उभ्या राहतात, दुसऱ्या हाताची कड जांघेच्या घडीत ठेवतात आणि हळूहळू एका बाजूला बसतात. पाऊल टाकायचे नाही, फक्त वजन. पाच आठवडे झाले. परवा त्या एकदम म्हणाल्या, "भावोजी, चिमटला." तो उजवा. डावा अजून चिमटत नाही.